काटा खोटे बोलत नाही



गेल्या महिन्यात विदर्भातील एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांच्या सासऱ्यांना फुफ्फुसांचा जुना विकार आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी प्राणवायू लावावा लागतो. त्यासाठी विजेवर चालणारा कॉन्सन्ट्रेटर आहे आणि वीज गेलीच तर हाताशी असावा म्हणून एक लहान सिलिंडरही आणून ठेवला आहे. हा सिलिंडर भर दुपारी, उघड्या टेम्पोतून आला. आणणाऱ्या मुलाने रेग्युलेटर बसवून दाखवला, तेव्हा तबकडीवरचा काटा १५० वर होता. नंतर त्याला कोणी हात लावला नाही. पहाटे पाहावे तर काटा १४० वर! ‘सिलिंडर गळका असेल का? की दुकानदाराने फसवले?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

सिलिंडर गळका नाही आणि बहुधा कोणी फसवलेही नाही, असे उत्तर मी त्यांना कळवले. परंतु हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही. आज अनेक घरांतून वडीलधाऱ्यांच्या पलंगाशेजारी सिलिंडर उभा असतो आणि त्याच्या काट्याकडे साऱ्या घराचे डोळे लागलेले असतात. तो काटा नेमके काय सांगतो, हे मात्र क्वचितच कोणी समजावून देते. मी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. वायूंचे नियम फळ्यावर किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही. तरीही एका रात्री माझ्याच घरात तो काटा मला वाचता आला नाही. ती हकिगत पुढे सांगणारच आहे. आधी काट्याची ओळख करून घेऊ.

गॅसची टाकी आणि प्राणवायूची टाकी

स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आपल्या परिचयाची आहे. ती संपत आली की नाही हे कळायला काही साधन नसते. आपण ती हलवून पाहतो, ओले फडके फिरवून पाण्याची रेघ कुठे वाळते ते पाहतो, आणि तरीही ती नेमकी पाहुणे आलेले असताना दगा देते. याचे कारण त्या टाकीत मुख्यतः द्रव असतो. द्रवाची वाफ होऊन ती शेगडीकडे जाते. जोवर तळाशी थोडासाही द्रव शिल्लक आहे, तोवर वरच्या वाफेचा दाब जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून टाकी भरलेली असो वा संपत आलेली, शेगडीची ज्योत तशीच दिसते.

प्राणवायूचा सिलिंडर या बाबतीत अगदी वेगळा आहे. प्राणवायू उणे ११८ अंश सेल्सियसच्या खाली थंड केल्याशिवाय, कितीही दाबला तरी द्रव होत नाही. आपल्या घरातल्या सिलिंडरमध्ये म्हणून केवळ वायूच असतो, दाटीवाटीने कोंबलेला. त्याचे असंख्य कण पोलादी भिंतीवर सतत आदळत असतात. त्या माऱ्यालाच आपण दाब म्हणतो. निम्मे कण बाहेर गेले की मारा निम्मा होतो आणि काटाही निम्म्यावर येतो. स्वयंपाकाची टाकी शेवटपर्यंत मौन पाळते. प्राणवायूची टाकी मात्र पहिल्या मिनिटापासून आपला जमाखर्च सांगत राहते. ऐकणारा हवा, एवढेच.

घागर गुणिले काटा

१६६२ साली रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने एका वाकवलेल्या काचेच्या नळीत पारा ओतून त्यात अडकलेली हवा दाबली आणि तिचे मोजमाप प्रसिद्ध केले. तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला की हवेचे आकारमान निम्मे होते, असे त्याला आढळले. दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो, हाच तो बॉइलचा नियम. जो वायू हे नियम तंतोतंत पाळतो त्याला आदर्श वायू म्हणतात. खरा वायू तसा कधीच नसतो, पण आपल्या सिलिंडरमधील प्राणवायू त्या आदर्शाच्या इतका जवळ असतो की घरगुती हिशेबाला थोड्या टक्क्यांचा फरक आड येत नाही.

आता हा नियम पलंगाशेजारी आणू. घरी सर्रास वापरला जाणारा लहान सिलिंडर ‘बी टाइप’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या पोटात सुमारे १० लिटर पाणी मावेल. म्हणजे तो १० लिटरची घागर आहे असे समजा. काटा दर चौरस सेंटिमीटरला किती किलो दाब आहे ते दाखवतो. पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा काटा १५० च्या आसपास असतो. तेव्हा आत किती वायू आहे? १० गुणिले १५०, म्हणजे १५०० लिटर. आपण नाकाने घेतो तशा, मोकळ्या दाबाच्या वायूचे हे लिटर आहेत.

डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर लावायला सांगितले असेल, तर १५०० भागिले २ म्हणजे ७५० मिनिटे, अर्थात साडेबारा तास. मिनिटाला १ लिटर असेल तर पंचवीस तास. ४ लिटर असेल तर अवघे सव्वासहा तास. मोठा ‘डी टाइप’ सिलिंडर सुमारे ४७ लिटरची घागर असते. त्यात पूर्ण भरल्यावर सुमारे ७००० लिटर वायू असतो.

तोंडी हिशेबासाठी एक सोपी खूण सांगते. लहान सिलिंडर आणि मिनिटाला २ लिटर प्रवाह असेल, तर काट्याचा प्रत्येक आकडा म्हणजे ५ मिनिटे. काटा १२ ने खाली आला की एक तास संपला. काटा ६० वर असेल तर पाच तास, ३६ वर असेल तर तीन तास. मात्र सिलिंडर शेवटच्या थेंबापर्यंत वापरायचा नसतो. म्हणून काट्याच्या आकड्यातून १० वजा करा आणि मगच गुणाकार करा. हे १० म्हणजे आपली गाठीची पुंजी. काही तबकड्यांवर आकडे ‘पीएसआय’ या मापात असतात, भरलेला सिलिंडर तिथे २००० च्या पुढे दिसतो. अशा आकड्याला १४ ने भागले की आपले किलोचे माप मिळते.

ती रात्र

आता माझी हकिगत. आम्ही तेव्हा जळगावला होतो. यजमानांना बरीच वर्षे सीओपीडी होता. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मिनिटाला २ लिटर असे स्पष्ट लिहून दिले होते. कॉन्सन्ट्रेटर खोलीत होता आणि सिलिंडर, खोलीत अडचण नको म्हणून, पश्चिमेच्या गॅलरीत. मे महिना होता. दुपारी कुरडयांचे वाळवण पालटायला गॅलरीत गेले, तेव्हा सहज काट्याकडे नजर गेली. काटा ६० वर होता. ‘निम्म्याच्या जरा खाली आहे, रात्र निघेल,’ असे मनाशी म्हटले आणि कुरडया पालटून आत आले. गुणाकार केला नाही, भागाकारही नाही.

रात्री अकराला वीज गेली. मुलाने सिलिंडर आत आणून जोडला. वडिलांची धाप पाहून त्याच्याने राहवेना, म्हणून त्याने मला न सांगता प्रवाह २ वरून ४ वर नेला. यजमान थोड्याच वेळात शांत झोपले. त्यांना लागलेली ती गाढ झोप मला समाधानाची वाटली आणि खुर्चीत बसल्या बसल्या माझाही डोळा लागला.

जाग आली ती शांततेने. पाण्याच्या बाटलीतून अखंड चाललेली बुडबुड थांबली होती. घड्याळात सव्वा वाजला होता. काटा शून्यावर होता. यजमानांचे ओठ काळसर दिसत होते आणि हाक मारली तर ओ देत नव्हते. आम्ही त्यांना उठवून बसवले, पुढे टेबलावर उशी ठेवून तिच्यावर त्यांचे हात टेकवले, खिडक्या उघडल्या आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेला फोन केला. दीड वाजता वीज आली. ती पंधरा मिनिटे किती लांब होती हे सांगण्यासाठी माझ्याजवळ कोणतेच माप नाही.

यजमान त्या रात्रीतून वाचले. पुढे दोन वर्षे ते आमच्यात होते. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या बाकावर बसून मी वहीच्या मागच्या पानावर तो हिशेब केला, जो आदल्या दुपारी करायला हवा होता. ६० गुणिले १० म्हणजे ६०० लिटर. मिनिटाला ४ लिटरने १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास. अकरापासून अडीच तास म्हणजे दीड वाजेपर्यंत. पण वायू तर सव्वालाच संपला होता. ती पंधरा मिनिटे कुठे गेली?

ती उन्हात गेली होती. आणि तेच पत्र पाठवणाऱ्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

ऊन, लोखंड आणि काटा

उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी तीन वाटांनी जाते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. वहन, अभिसरण आणि प्रारण. गॅलरीतल्या सिलिंडरवर या तिन्ही वाटा एकत्र येतात. सूर्याकडून येणारी उष्णता प्रारणाने सिलिंडरवर पडते. आपल्याकडे वैद्यकीय प्राणवायूच्या सिलिंडरचे अंग काळे आणि खांदा पांढरा असतो, आणि काळे अंग ऊन चटकन पिते. ती उष्णता पोलादाच्या जाड भिंतीतून वहनाने आत पोहोचते. भिंतीलगतचा वायू तापून वर सरकतो, थंड वायू त्याची जागा घेतो. या अभिसरणाने सारा वायू तापतो. तापलेले कण अधिक वेगाने धावतात, भिंतीवर अधिक जोराने आदळतात आणि काटा वर चढतो. कण मात्र तेवढेच असतात. एकाही श्वासाची भर पडलेली नसते.

किती चढतो, याचाही नियम आहे. गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०२ साली तापमान आणि वायूचे प्रसरण यांचे नाते मांडले. बंद भांड्यातल्या दाबालाही तेच नाते लागू पडते. त्यासाठी तापमान उणे २७३ अंशांपासून मोजावे लागते. म्हणजे २७ अंश सेल्सियसला ३०० म्हणायचे आणि ४७ अंशांना ३२०. या मापाने तापमान जितक्या पटीने वाढते तितक्याच पटीने दाब वाढतो.

आमच्या भगिनींचा सिलिंडर टेम्पोतून तापून आला, समजा ४७ अंशांवर. पहाटेच्या खोलीत तो २७ अंशांवर आला. ३२० चे ३०० झाले, तेव्हा १५० चे सुमारे १४० झाले. नुकताच भरलेला सिलिंडर असेल तर आणखी एक कारण जोडीला असते. कारखान्यात वायू दाबून भरताना तो तापतो आणि निवायला त्याला वेळ लागतो. म्हणून सिलिंडर आल्या आल्या दिसणारा आकडा हा पाव्हण्यांसमोरचा आकडा समजावा. खरा आकडा तो सावलीत तीनचार तास विसावल्यावर दिसतो.

माझेही तेच झाले होते. गॅलरीतले ते लोखंड हाताला चटका देत होते. सुमारे ५७ अंशांवर दिसलेले ६० रात्रीच्या ३० अंशांवर ५५ च होते. ५५० लिटर भागिले ४, म्हणजे १३७ मिनिटे. अकरानंतर दोन तास सतरा मिनिटे. बुडबुड थांबली ती जवळजवळ ठरल्या वेळीच थांबली. काटा खोटे बोलला नव्हता. उन्हाने तापलेला आहे हे तो सांगत होता आणि मी ते ऐकले नव्हते.

आणखी एक हिशेब त्याच पानावर आहे. प्रवाह डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे २ वर राहिला असता, तर तोच वायू पहाटे साडेतीनपर्यंत पुरला असता. वीज त्याच्या दोन तास आधी आली होती.

नाशिक, निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात याच्या उलट होते. पहाटेच्या गारठ्यात काटा उतरलेला दिसतो आणि दुपारी पुन्हा वर येतो. त्याने घाबरू नये. खरी गळती ओळखायची असेल, तर सिलिंडरची मुख्य झडप उघडून काटा स्थिर होऊ द्या, पलीकडची नळी बंद ठेवा आणि मुख्य झडप पुन्हा बंद करा. खोलीचे तापमान तेच असताना अर्ध्या तासात काटा खाली घसरत गेला, तर जोडावर गळती आहे. अशा वेळी स्वतः पाना हाती घेऊ नका, पुरवठादाराला बोलवा.

झडप सावकाश का उघडावी

सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी गरम होते, हे आपण हाताने अनुभवले आहे. वायू झटकन दाबला की त्याला उष्णता बाहेर टाकायला सवड मिळत नाही आणि ती सारी त्याच्या तापमानात उतरते. उलट, ट्यूबची हवा सोडली की ती थंड लागते. पसरणारा वायू स्वतःची ऊर्जा खर्च करून बाहेर पडतो.

मिनिटाला २ लिटर इतक्या संथ गतीने वायू बाहेर जातो, तेव्हा सिलिंडर किंचित निवतो खरा, पण खोलीतली उष्णता पोलादातून आत शिरून ती तूट भरून काढते. तापमान जवळजवळ स्थिर राहते आणि बॉइलचा हिशेब बिनचूक चालतो. धोका आहे तो घाईत. मुख्य झडप एका झटक्यात उघडली, तर दीडशे पट दाबाचा वायू रेग्युलेटरमधल्या इवल्याशा हवेवर तुटून पडतो. ती हवा क्षणार्धात दाबली जाते. कागदावरच्या हिशेबाने तिचे तापमान ९०० अंशांच्याही पुढे जाऊ शकते. प्रत्यक्षात धातू बरीचशी उष्णता शोषून घेतो, म्हणून सहसा काही घडत नाही. परंतु तेथे तेलाचा, ग्रीसचा किंवा मलमाचा अंश असेल, तर भोवती निखळ प्राणवायू असल्याने तो भडकू शकतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटते, ते अशाच झटपट दाबलेल्या हवेच्या उष्णतेने.

म्हणून झडप घट्ट झाली तरी तिला तेलाचा थेंब लावू नये. डोक्याला तेल चोळलेल्या हातांनी रेग्युलेटर हाताळू नये. हाताला सॅनिटायझर लावला असेल तर तो पुरता वाळू द्यावा. झडप सावकाश, थोडी थोडी उघडावी आणि त्या वेळी तोंड तबकडीसमोर नसावे. नाकात कोरडेपणा येतो म्हणून पेट्रोलियम जेली लावण्याची सवय अनेकांना असते. तिच्याऐवजी पाण्यात मिसळणारे मलम डॉक्टरांना विचारून घ्यावे.

प्राणवायू स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला बळ देतो. देवघरातले निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल, शेगडी, विडी यांपासून सिलिंडर आणि रुग्ण दोघेही किमान १० फूट दूर असावेत. ज्यांचा नित्यनेम आहे अशा आजीआजोबांना माझी विनंती आहे की नाकात नळी असताना स्वतः ओवाळू नये. घरातल्या दुसऱ्या कोणी दुसऱ्या खोलीत दिवा लावावा आणि आपण बसल्या जागेवरून हात जोडावेत. देव तेवढे चालवून घेईल.

प्रवाह वाढवण्याचा मोह

त्या रात्रीची दुसरी चूक अधिक गंभीर होती, हे मला डॉक्टरांनी नंतर समजावले. सीओपीडीच्या काही रुग्णांना गरजेपेक्षा जास्त प्राणवायू दिला, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड साचू लागतो. मग गुंगी येते, बोलणे अडखळते, श्वास उथळ होतो. जी झोप मला समाधानाची वाटली, ती कदाचित ही गुंगी होती.

अशा रुग्णांसाठी डॉक्टर बहुधा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ हे लक्ष्य ठरवून देतात. इतरांसाठी ते वेगळे असते. ९८ दिसले म्हणजे अधिक चांगले, असे प्रत्येकाच्या बाबतीत नसते. आपल्या रुग्णाचा आकडा कोणता हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि लिहून घ्या. प्राणवायू हे औषध आहे. रक्तदाबाची गोळी आपण मनाने दुप्पट करत नाही, तसाच फ्लोमीटरही मनाने फिरवू नये. धाप वाढली, ओठ किंवा नखे काळसर दिसू लागली, रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा उठवूनही नीट जागा होईना, तर ती डॉक्टरांना किंवा १०८ ला फोन करण्याची वेळ आहे.

यंत्रालाही वारा हवा

कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा ओढून तिच्यातला नायट्रोजन गाळतो आणि उरलेला प्राणवायू देतो. हे काम करताना तो हवा सतत दाबत असतो, आणि दाबलेली हवा तापते हे आपण वर पाहिलेच. ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याच्याभोवती हवा खेळती हवी. यंत्र भिंतीला चिकटवून, पडद्याआड किंवा पलंगाखाली ठेवू नका. चारही बाजूंनी किमान फूटभर जागा सोडा. त्याची जाळी डॉक्टर किंवा विक्रेता सांगेल तशी नियमित धुवा. धुळीने बुजलेली जाळी म्हणजे यंत्राची चोंदलेली नाकपुडी. तापून ते बंद पडण्याची शक्यता नेमकी मे महिन्यातच अधिक असते. मिनिटाला ५ लिटरचे यंत्र साधारण ३०० ते ४०० वॅट वीज घेते. घरातला इन्व्हर्टर ते किती वेळ चालवू शकेल, हे एकदा दिवसाढवळ्या चालवून पाहा.

भिंतीवरचा कागद

त्या रात्रीनंतर आमच्या घरात एक कागद आला. कॅलेंडरशेजारी, सर्वांना दिसेल असा. त्यावर मोठ्या अक्षरांत जे लिहिले होते तेच येथे देते. आपणही ते आपल्या हस्ताक्षरात उतरवून घ्या.

१. आमचा सिलिंडर इतक्या लिटरची घागर आहे. (पुरवठादाराला विचारून आकडा लिहावा.)

२. डॉक्टरांनी सांगितलेला प्रवाह आणि ऑक्सिमीटरचे लक्ष्य. (हे आकडे डॉक्टरांशिवाय कोणी बदलायचे नाहीत.)

३. काट्यातून १० वजा, गुणिले घागर, भागिले प्रवाह, म्हणजे मिनिटे. भागिले ६०, म्हणजे तास.

४. काटा रोज संध्याकाळी, सिलिंडर सावलीत निवलेला असताना पाहायचा आणि वहीत लिहायचा.

५. काटा अमुक आकड्याच्या खाली गेला की दुसरा सिलिंडर मागवायचा. (रात्रभर वीज नसली तरी पुरेल एवढा आकडा ठरवावा. लहान सिलिंडर आणि २ लिटर प्रवाह असेल तर दहा तासांसाठी १३० लागतात.)

६. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला, सावलीत, मोकळ्या हवेत. गॅलरीत नाही, बंद मोटारीत नाही.

७. पुरवठादार, डॉक्टर, १०८ आणि मदतीला येईल अशा शेजाऱ्याचा क्रमांक.

पाचव्या ओळीतला १३० चा आकडा पाहून काहींना आश्चर्य वाटेल. भरलेला सिलिंडर १५० चा, मग तो इतक्या लवकर बदलायचा? खर्चाचा प्रश्न खराच आहे. शक्य असेल तर दोन लहान सिलिंडर ठेवावेत, एक वापरातला आणि एक भरलेला. तेवढे जमत नसेल, तर निदान आज किती तास हाती आहेत हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. चार तास आहेत हे माहीत असलेला माणूस पहिल्या तासातच फोन करतो. माहीत नसलेला माणूस, माझ्यासारखा, खुर्चीत डुलकी घेतो.

आजारी माणसाची सेवा म्हणजे रात्रीची जागरणे, पाय चेपणे, पथ्याचे दोन घास, असे आपण मानत आलो. ते सारे आहेच. त्यात आता दोन मिनिटांचा गुणाकार-भागाकारही घाला. हे काम नातवंडांना आनंदाने देता येईल. आठवी-नववीच्या मुलामुलीला सांगा की आजोबांच्या सिलिंडरचा हिशेब रोज संध्याकाळी तू ठेवायचा. त्याला विज्ञानाचा धडा समजेल आणि आजोबांना आपली काळजी घेणारा एक हिशेबनीस मिळेल.

आमच्या यजमानांनी शेवटची दोन वर्षे ती वही स्वतःच लिहिली. तारीख, काटा आणि पुढे तास. एकदा मी विचारले, ‘रोज कशाला त्रास घेता?’ तेव्हा म्हणाले, ‘तू झोपलीस तरी चालावे म्हणून.’

वाचकहो, आज संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, एकदा आपल्या घरातला काटा पाहा. आणि शेजारी कोणाच्या घरी सिलिंडर असेल, तर हा अंक वाचून झाल्यावर त्यांच्याकडे द्या.